पेरेझसाहेब, त्यांचं चुकलं काय?

प्रति,
श्री. फ्लोरेन्तिनो पेरेझ,
अध्यक्ष, रेआल माद्रिद फुटबॉल क्लब,
माद्रिद, स्पेन

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, जिंकून देणाऱ्या माणसाच्या हाती नारळ कधी आणि कसा ठेवावा, या विषयात तुमच्याइतका अधिकारी पुरुष आज जगात दुसरा नाही. हरलेल्या प्रशिक्षकाला कोणीही काढतं. त्याला ना अक्कल लागते ना हिंमत. वर्तमानपत्रं आधीच मागे लागलेली असतात, प्रेक्षकांनी पांढरे रुमाल फडकवायला सुरुवात केलेली असते, अध्यक्षाने फक्त सही करायची. जिंकलेल्याला काढायला मात्र छाती लागते. ती तुमच्यापाशी आहे, म्हणून हे पत्र दुसऱ्या कोणाला न लिहिता तुम्हालाच.

रविवार, 22 जून 2003. सान्तियागो बर्नाबेऊ मैदानावर तुमच्या संघाने ॲथलेटिक बिल्बाओला 3-1 असं हरवलं आणि ला लीगाचं 29वं विजेतेपद पदरात पाडलं. दोन गोल रोनाल्डोचे (ब्राझीलचा, मूळचा), एक रॉबर्टो कार्लोसचा. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, प्रशिक्षक विसेंते देल बॉस्के यांचा करार वाढवण्यात येणार नसल्याचं जाहीर झालं. कप्तान फर्नांडो इएरोलाही त्याच झटक्यात निरोप. चौदा हंगाम काढले होते त्याने तुमच्याकडे. आमच्याकडे घराच्या वाटणीचं भांडणसुद्धा तेराव्यापर्यंत थांबतं. तुम्ही गुलाल धुऊन निघायचीही वाट पाहिली नाहीत.

कोणाला काढलं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे पत्र खुलं आहे आणि इतरही वाचणार आहेत. देल बॉस्के सालामान्काचे. 1968 मध्ये, अठराही पुरी नसताना, रेआल माद्रिदमध्ये आले. मधल्या फळीत खेळले, खेळाडू म्हणून पाच वेळा ला लीगा जिंकले, आणि बूट उतरवल्यावर क्लबच्याच पोरांना शिकवत बसले. मुख्य संघाचा प्रशिक्षक हाकलला गेला आणि नवा मिळेपर्यंत कोणीतरी हवा असला की यांना हाक मारायची. 1994 मध्ये मारली, 1996 मध्ये मारली. नोव्हेंबर 1999 मध्ये जॉन टोशॅक गेले तेव्हा तिसऱ्यांदा मारली, आणि या वेळी हा 'तात्पुरता' माणूस साडेतीन वर्षं टिकला. तेवढ्यात 2000 आणि 2002 ची चॅम्पियन्स लीग, 2001 आणि 2003 ची ला लीगा, शिवाय स्पॅनिश सुपर कप, युरोपीय सुपर कप आणि इंटरकॉन्टिनेन्टल कप. सात करंडक. चॅम्पियन्स लीगच्या चार मोहिमा, आणि एकदाही उपांत्य फेरीच्या आत बाद नाही.

आता त्यांच्यावरचे आरोप. माणूस थकलेला दिसतो. घडण जुन्या वळणाची आहे. पुढच्या काळाला डावपेच, रणनीती आणि शारीरिक तयारी यांवर जास्त भर देणारा कोणीतरी हवा. आरोपीचं वय 52. जाड मिशा, झोपाळू डोळे, गळ्यातला टाय कोणीतरी दुसऱ्यानेच बांधून दिल्यासारखा, आणि पत्रकार परिषदेत मथळा होईल असं एक वाक्य तोंडातून निघेल तर शपथ. थकलेला दिसत होता हे खरंच आहे, साहेब. तो माणूस वयाच्या पंचविशीतल्या फोटोंतही थकलेलाच दिसतो.

डावपेचांचं म्हणाल, तर 19 एप्रिल 2000 ची रात्र आठवून पाहा. तुम्ही तेव्हा अध्यक्ष नव्हतात, पण सामना पाहिला असेलच. ओल्ड ट्रॅफर्ड, समोर गतविजेता मँचेस्टर युनायटेड, पहिला सामना माद्रिदमध्ये 0-0 असा सुटलेला. या जुन्या वळणाच्या मिशाळ माणसाने बचावात मधोमध तीन गडी उभे केले, मधल्या फळीतल्या इव्हान एल्गेराला खाली ओढलं आणि दोन्ही बाजूंच्या बचावपटूंना पुढे धावायला मोकळं सोडलं. युनायटेडला काय चाललंय ते उमगेपर्यंत धावफलक 3-0 झाला होता. फर्नांडो रेदोन्दोने टाचेने चेंडू काढून राऊलला गोल करून दिला तो याच सामन्यात. पुढच्याच महिन्यात पॅरिसमध्ये व्हॅलेन्सियाला 3-0 हरवून चषक घरी आला. त्या रेदोन्दोला, सहज आठवलं म्हणून सांगतो, तुम्ही निवडून आल्याच्या महिन्यातच मिलानला विकलंत.

फिर्यादीची बाजूही मांडतो, नाहीतर पत्र एकतर्फी झालं म्हणाल. 6 मार्च 2002, क्लबची शंभरी. कोपा देल रेचा अंतिम सामना नेमका त्याच दिवशी, नेमका तुमच्याच मैदानावर. सोहळ्याची सगळी सिद्धता झालेली, आणि देपोर्तिवो ला कोरुन्या 2-1 असं जिंकून करंडक घेऊन गेलं. मे 2003 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत युव्हेन्टसने ट्यूरिनमध्ये 3-1 असं झोडपलं, फिगोची पेनल्टी बुफॉनने अडवली. जगातले सगळ्यात महागडे खेळाडू हाताशी असताना यापेक्षा जास्त जिंकायला हवं होतं, असं म्हणणारे लोक माद्रिदमध्ये होते आणि त्यांचं अगदीच चूक होतं असंही नाही. त्यावर साधी चर्चा होऊ शकली असती. पण तुम्हाला चर्चा नको होती. तुम्हाला नवा चेहरा हवा होता.

तो तुम्ही कुठून आणलात, हे पाहण्यासारखं आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये देल बॉस्के यांच्या संघाने उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा मँचेस्टर युनायटेडलाच घरी बसवलं होतं. दोन सामने मिळून 6-5. ओल्ड ट्रॅफर्डवर रोनाल्डोने तीन गोल मारले आणि बाहेर जाताना इंग्लिश प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या सामन्यात बाद झालेल्या संघाच्या बाकावर दोन माणसं होती. एक सहायक प्रशिक्षक कार्लोस केइरोझ. दुसरा डेव्हिड बेकहॅम, ज्याला त्या दिवशी सुरुवातीच्या अकरात जागा मिळाली नव्हती आणि जो नंतर आत येऊन दोन गोल करून गेला. दोन महिन्यांनी तुम्ही जिंकलेल्या प्रशिक्षकाला काढलंत आणि हरलेल्या बाकावरची ही दोन्ही माणसं उचलून आणलीत. असा जमाखर्च मांडायला तुमच्यासारख्या इंजिनिअरचंच डोकं हवं.

बेकहॅमविषयी माझी तक्रार नाही. चांगला खेळाडू, कष्टाळू माणूस. 2 जुलैला त्याला 23 नंबरची जर्सी दिली गेली, खुद्द आल्फ्रेदो दि स्तेफानो यांच्या हस्ते. महिन्याभरात संघ आशियाच्या दौऱ्यावर निघाला: बेजिंग, टोकियो, हाँगकाँग, बँकॉक. आता मला सांगा, टोकियोच्या विमानतळावर देल बॉस्के यांच्या मिशांचा फोटो काढायला कोण रांगेत उभं राहिलं असतं? मुद्दा इथेच तर आहे. तो माणूस जे काम करत होता ते विकता येत नव्हतं. झिदान, फिगो, राऊल, रोनाल्डो, रॉबर्टो कार्लोस, म्हणजे एका खोलीत पाच राजे, आणि त्या खोलीत भांडण होत नव्हतं. भांडण झालं नाही याचा फोटो निघत नाही. कोणी जर्सीवर 'शांतता राखली' असं छापून घेत नाही.

त्या उन्हाळ्यात तुम्ही असंच न दिसणारं काम करणारा आणखी एक माणूस घालवलात. क्लोद मकेलेले. मधल्या फळीत बचावासमोर उभा राहून समोरच्याचे हल्ले तोडायचे आणि चेंडू जवळच्या माणसाकडे सरकवायचा, एवढंच त्याचं काम. पगार ताऱ्यांच्या मानाने किरकोळ. त्याने वाढ मागितली. तुम्ही ती दिली नाहीत, आणि तो चेल्सीला गेल्यावर वर म्हणालात की त्याची उणीव भासणार नाही. तंत्र बेताचं आहे, गती नाही, पास बहुतेक मागे नाहीतर आडवे. सगळं खरं. साहेब, तुम्ही सिव्हिल इंजिनिअर. स्पेनमधली सगळ्यात मोठी बांधकाम कंपनी चालवता. क्लबची सरावाची जुनी जमीन विकून तुम्ही कर्ज फेडलंत आणि त्या जागेवर आज पाच टोलेजंग मनोरे उभे आहेत. पाया दिसत नाही म्हणून तो वगळून त्यातला एक तरी मनोरा बांधू दिला असतात का? मकेलेलेच्या जीवावर चेल्सी 2005 मध्ये, अख्ख्या हंगामात फक्त 15 गोल खाऊन, इंग्लंडची विजेती झाली. तो ज्या जागी खेळायचा तिला इंग्रज अजून त्याच्या नावाने ओळखतात. बेताचं तंत्र असलेल्या माणसासाठी हे वाईट नाही.

पुढचं तुम्हाला आठवायला आवडणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑगस्ट 2003 मध्ये सुपर कप मिळाला आणि वाटलं, जमलं. मार्च 2004 पर्यंत माद्रिदमध्ये तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकण्याची भाषा चालली होती. मग कोपाच्या अंतिम सामन्यात झारागोझाने 3-2 असं हरवलं. चॅम्पियन्स लीगमध्ये मोनाकोने बाहेर काढलं, आणि मोनाकोतर्फे दोन्ही सामन्यांत गोल केला फर्नांडो मोरिएन्तेसने, ज्याला ताऱ्यांच्या गर्दीत जागा नाही म्हणून तुमच्याच क्लबने तिकडे उसना धाडला होता! शेवटी ला लीगातले शेवटचे पाच सामने ओळीने हरून संघ चौथा आला. केइरोझ गेले. कामाचो आले, सप्टेंबरात स्वतःच सोडून गेले. गार्सिया रेमोन आले, नाताळपर्यंत टिकले. ब्राझीलहून लुशेम्बुर्गो आले, वर्षभर राहिले. लोपेझ कारो आले. थकलेल्या माणसाच्या जागी पावणेतीन वर्षांत पाच ताजेतवाने लोक, आणि त्या सुपर कपनंतर एकही करंडक नाही. 27 फेब्रुवारी 2006 रोजी तुम्ही राजीनामा दिलात आणि खेळाडूंना बहुधा आपणच लाडावून ठेवलं, अशा अर्थाचं काहीतरी बोललात. अगदी बरोबर. लाडावलेल्या पोरांना न ओरडता वळण लावणारा एक मास्तर तुमच्याकडे होता, त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

मास्तरांचं बरं चाललं होतं. 2008 मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय संघाची सूत्रं त्यांच्याकडे आली. 11 जुलै 2010 रोजी जोहान्सबर्गमध्ये जादा वेळेत इनिएस्ताने गोल केला आणि स्पेन इतिहासात पहिल्यांदा विश्वविजेता झाला. त्या संघात अर्धे लोक बार्सेलोनाचे, बाकीच्यांत बरेच माद्रिदचे, म्हणजे क्लबच्या हंगामात एकमेकांचे गळे धरणारी माणसं. देल बॉस्के यांनी तिथेही डोळे झोपाळूच ठेवले. 2012 मध्ये कीव्हला इटलीचा 4-0 असा फडशा पाडून युरोपचं अजिंक्यपद. डावपेच येत नाहीत म्हणून काढलेल्या माणसाकडे आता चॅम्पियन्स लीग, युरो आणि विश्वचषक हे तिन्ही होते. असा प्रशिक्षक तोवर दुसरा झाला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मीच एकटा का? ही तर घरची रीत. खरं आहे. 1998 मध्ये युप हेन्केस यांनी 32 वर्षांचा दुष्काळ संपवून युरोपचा चषक आणला आणि आठवडा उलटतो तोच त्यांना निरोप मिळाला. 2007 मध्ये फाबिओ कापेलोंनी शेवटच्या दिवशी ला लीगा ओढून आणली, अकरा दिवसांत तेही घरी. दोन्ही वेळा अध्यक्ष वेगळे. पण ज्याच्या नावाच्या मैदानावर तुम्ही बसता त्या सान्तियागो बर्नाबेऊ नावाच्या माणसाने मिगेल मुन्योस यांना 1960 ते 1974, सलग चौदा वर्षं ठेवलं, आणि मुन्योसनी नऊ वेळा ला लीगा जिंकून दिली. ही रीतही त्याच घरातली. ती कोणी का पाळत नाही?

आणि तुमचा स्वतःचा गृहप्रवेश तरी कसा झाला? 2000 च्या उन्हाळ्यात अध्यक्ष होते लोरेन्झो सान्झ. त्यांच्या कारकिर्दीत दोन वर्षांच्या अंतराने दोनदा युरोपचा चषक आलेला, दुसरा तर निवडणुकीच्या दोनच महिने आधी. तुम्ही उभे राहिलात आणि सांगितलंत की बार्सेलोनाचा लुईस फिगो आणून दाखवतो, नाहीतर सभासदांची वर्षाची तिकिटं माझ्या खिशातून. सभासदांनी चषक बाजूला ठेवला आणि फिगोला मत दिलं. जिंकणाऱ्याला घालवण्याचं बाळकडू तुम्हाला मतपेटीतूनच मिळालं, त्यात तुमचा तरी काय दोष!

2009 मध्ये तुम्ही परतलात. वाटलं, पोळलेला माणूस आता ताक फुंकून पिईल. मे 2014 मध्ये कार्लो आन्चेलॉटींनी लिस्बनला दहावा युरोपीय चषक मिळवून दिला, ज्याच्यासाठी क्लब बारा वर्षं तळमळत होता. त्या वर्षाच्या शेवटी संघ सलग 22 सामने जिंकला. मे 2015 मध्ये त्यांना काढलंत. क्रिस्टियानो रोनाल्डो जाहीरपणे लिहीत होता की पुढच्या हंगामात यांच्यासोबत काम करायला मिळो. पत्रकार परिषदेत कोणीतरी सरळ विचारलं, आन्चेलॉटींचं चुकलं काय? आणि तुम्ही म्हणालात, ठाऊक नाही.

साहेब, मी तुमची पुष्कळ टिंगल केली, पण या उत्तराला माझा सलाम आहे. असं खरं बोलायला धैर्य लागतं. 2003 मध्ये तुम्ही निदान कारणं शोधली होतीत. बारा वर्षांत तेवढीही गरज उरली नाही.

आन्चेलॉटींच्या जागी आले राफाएल बेनिटेझ. वह्या, आकडे, डावपेच, शिस्त, म्हणजे 2003 मध्ये तुम्ही ज्याची जाहिरात दिली होतीत तोच नमुना. नोव्हेंबरात बार्सेलोना बर्नाबेऊवर येऊन 4-0 जिंकून गेला. डिसेंबरात कोपाच्या सामन्यात बंदी असलेल्या खेळाडूला मैदानात उतरवलं म्हणून संघ स्पर्धेतूनच बाद झाला. जानेवारीत बेनिटेझ गेले आणि घरातलाच माणूस, क्लबच्या दुय्यम संघाला शिकवणारा झिदान, वर आला. कमी बोलणारा, खेळाडूंना सांभाळून घेणारा. ओळखीचं वाटतं का? त्याने ओळीने तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या.

आता एक हिशेब. तुमच्या अध्यक्षपदाखाली चॅम्पियन्स लीग आली सात वेळा: 2002, 2014, 2016, 2017, 2018, 2022, 2024. ती मिळवून देणारे प्रशिक्षक किती? तीन. देल बॉस्के, आन्चेलॉटी, झिदान. पहिल्याला तुम्ही काढलंत. दुसऱ्याला काढलंत आणि सहा वर्षांनी पुन्हा बोलावलंत. तिसरा 2018 मध्ये स्वतःहून गेला, दहा महिन्यांत तुम्ही त्याला परत आणलंत, 2020 ची ला लीगा घेतलीत, आणि 2021 मध्ये तो पुन्हा गेला तेव्हा त्याने माद्रिदच्या 'आस' या दैनिकात खुलं पत्र लिहून कारण सांगितलं: क्लबचा आता माझ्यावर विश्वास राहिलेला नाही. (तेव्हा तुम्हाला खुली पत्रं लिहिणारा मी पहिला नव्हे.) केइरोझ, लुशेम्बुर्गो, बेनिटेझ, लोपेतेगी यांच्याकडून किती आल्या? एकही नाही. मोरिन्योंसारख्या नामांकिताने शंभर गुणांची ला लीगा दिली, युरोपचा चषक नाही.

याचा अर्थ इतकाच, की देल बॉस्के यांना काढल्यापासून तुम्ही जे काही मोठं जिंकलात ते देल बॉस्केच पुन्हा पुन्हा नेमून जिंकलात. कधी तो इटालियन होता, कधी फ्रेंच. मिशा नव्हत्या, हाच काय तो फरक. आणि दर वेळी तुम्हाला दोन-तीन वर्षांत त्याचा कंटाळा आला.

जिंकलेल्याला कधी काढूच नये, असं माझं म्हणणं नाही. कापेलोंना काढलं ते मला फार चुकलं असं वाटत नाही. फुटबॉल रटाळ होतं, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि पुढच्याच वर्षी शुस्टर यांनी ला लीगा राखली. इंग्लंडच्या लेस्टरने क्लाउडिओ रानिएरींना 2017 मध्ये, ते स्वप्नवत विजेतेपद मिळाल्याला वर्षही झालं नसताना काढलं, तेव्हा अख्खं जग हळहळलं. पण संघ खालच्या विभागात घसरायच्या बेतात होता, आणि बदलानंतर वाचला. तिथे 'काय चुकलं' या प्रश्नाला गुणतालिकेचं उत्तर होतं. कटू, कृतघ्न, पण उत्तर.

तुमचा संसर्ग आमच्यापर्यंतही पोहोचलाय, तेवढं जाता जाता. एफसी गोवाने जानेवारी 2020 मध्ये सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाला काढलं तेव्हा संघ इंडियन सुपर लीगच्या गुणतालिकेत पहिला होता आणि साखळीचे तीनच सामने उरले होते. लोबेरा मुंबई सिटीकडे आले, पुढच्याच हंगामात साखळीची ढाल आणि करंडक दोन्ही जिंकले, आणि वाटेत उपांत्य फेरीत पेनल्टींवर हरवलं ते गोव्यालाच. मडगावात त्या रात्री कोणाला काय वाटलं असेल, ते तुम्हाला मोनाकोवरून कळेल.

आता मूळ अर्ज. देल बॉस्के 52 व्या वर्षी थकले होते. तुमचा जन्म मार्च 1947 चा. जानेवारी 2025 मध्ये, सत्त्याहत्तर पुरी करून, तुम्ही पुन्हा बिनविरोध अध्यक्ष झालात. 2013 मध्येही बिनविरोध, 2017 मध्येही, 2021 मध्येही. लोकांचं प्रेम आहेच, नाही म्हणत नाही. पण 2012 मध्ये क्लबचे नियमही बदलले: उमेदवार वीस वर्षं सभासद हवा, आणि क्लबच्या अंदाजपत्रकाच्या पंधरा टक्के रकमेची हमी त्याने स्वतःच्या मालमत्तेवर द्यायला हवी. क्लबची उलाढाल अब्ज युरोंच्या पुढे गेलेली. पंधरा कोटी युरोंहून मोठी हमी घेऊन 'मी फिगो आणतो' म्हणणारा नवा कोणी कुठून उगवणार? सान्झना ज्या दारातून बाहेर जावं लागलं ते दार आत आल्यावर तुम्ही नीट लावून घेतलंत.

मी काही तुम्हाला जा म्हणत नाही. सात चॅम्पियन्स लीग, नवं कोरं मैदान, कर्जातून वर आलेला क्लब; तुमचं काय चुकलं असं मला कोणी विचारलं तर या एवढ्या पत्रानंतरही मला धड सांगता येणार नाही. पण तुमच्या कायद्यात त्याने काही बिघडत नाही. एवढी विनंती आहे की तोच कायदा एकदा अध्यक्षांच्या खुर्चीला लावून पाहावा. पुढची ला लीगा रविवारी जिंकलात तर सोमवारी दुपारपर्यंत थांबायला हरकत नाही, जेवून घ्या.

कळावे,
आपला,
एक फुकटा प्रेक्षक

ता. क. : देल बॉस्के यांना 2011 मध्ये स्पेनच्या राजाने 'मार्केस' ही सरदारकी बहाल केली. त्यांना कधी पत्र लिहायची वेळ आलीच, तर मायन्यात तेवढा बदल करून घ्यावा.